दगडांना न दिसणारी इमारत

ऑफिसात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे मोजणीबाई. आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातलाही भाग नाही. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी छताकडे जायची, मग खिडकीकडे आणि सगळ्यात शेवटी माणसांकडे. कुणाकडे गेल्या आणि जिन्याची एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच लागली, तर ते घरमालकाला सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. लोक हसायचे. नंतर त्याच पायरीवर कुणी तरी ठेचकाळायचं आणि मग बाईंची आठवण निघायची.

शिक्षण म्हणाल तर नकाशे काढण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, बस. वडील अचानक गेले आणि पुढचं शिकायचं राहून गेलं. चोविसाव्या वर्षी त्या साहेबांच्या ऑफिसात लागल्या त्या तिथल्याच झाल्या. साहेब आर्किटेक्ट. ऑफिस तीन खोल्यांचं, खाली छापखाना. छपाईचं यंत्र सुरू झालं की वरची टेबलं थरथरायची, म्हणून बारीक रेघा दुपारी छापखान्यातली माणसं जेवायला गेली की काढायच्या, असा तेव्हाचा शिरस्ता होता. पुढे कॉम्प्युटर आले. बाई तेही शिकल्या, पण लाकडी मोजपट्टी काही त्यांच्या पिशवीतून गेली नाही.

साहेबांचा हात मोठा देखणा. चार रेघांत इमारत उभी करायचे आणि बघणारा बघतच राहायचा. मग तो कागद बाईंच्या टेबलावर यायचा. जिना कुठून चढेल, पाणी कुठून जाईल, दार उघडलं की कपाटावर आपटेल का, हे सगळं बाईंनी बघायचं. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. या एकतीस वर्षांत साहेबांच्या रेघेला बाईंनी कधी ‘ही चुकली’ म्हटलं नव्हतं. ‘इथे थोडं सरकवलं तर चालेल का’ एवढंच म्हणायच्या आणि साहेबही काय ते समजून घ्यायचे.

मग माळावरच्या दगडांचं काम आलं.

शहरापासून अडीच तासांवर एक उघडा माळ आहे. त्यावर त्रेसष्ट दगड उभे आहेत, एका लांबलचक, किंचित वाकलेल्या ओळीत. काही गुडघ्याएवढे, काही दीड पुरुष उंच. कुणी उभे केले, कशासाठी, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढत चालली होती, म्हणून तिथे एक नवी इमारत बांधायचं ठरलं. तिकीटघर, थोडी माहिती, बसायला सावली, स्वच्छतागृहं. पाच ऑफिसांनी चित्रं पाठवली आणि साहेबांचं निवडलं गेलं. पंख पसरून बसलेल्या पक्ष्यासारखं छप्पर, खाली सगळी काच. वर्तमानपत्रात ते चित्र छापून आलं तेव्हा छापखान्याच्या मालकांनी ते स्वतः मोठ्ठं करून ऑफिसच्या दारावर लावलं.

बाई जमिनीची पातळी मोजायला माळावर गेल्या. तिथे पत्र्याच्या खोपटात एक पहारेकरी बसलेला असायचा. साठीच्या घरातला, उन्हाने रापलेला, एका गुडघ्याने अधू. सव्वीस वर्षं तो ते दगड राखत होता. सगळे त्याला मामा म्हणत, बाईही म्हणू लागल्या. मामांनी मोजणीची उंच पट्टी धरायची, बाईंनी यंत्रातून बघून आकडे लिहायचे, असे दोन दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, “ताई, इमारत उंच किती व्हायची?”

“साडेपाच मीटर.”

“म्हणजे केवढी?”

बाईंनी उत्तर द्यायला आजूबाजूला पाहिलं. एरवी त्या एखादं झाड दाखवायच्या, विजेचा खांब दाखवायच्या. इथे माळावर झाड नव्हतं, खांब नव्हता. दाखवायचं काय?

“पुढच्या खेपेला दाखवते,” त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्या नवऱ्याला घेऊन आल्या. तो बसच्या वर्कशॉपमधून नुकताच निवृत्त झालेला मेकॅनिक. घरात बसून बसून त्याने तोपर्यंत दोन चांगली घड्याळं दुरुस्त करून बंद पाडली होती, त्यामुळे तो आनंदानेच निघाला. सोबत आठ बांबू, बरोबर छपराच्या उंचीचे, टोकाला पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधलेले. माळावर खणायला मनाई होती, म्हणून वाळू भरलेल्या डब्यांत ते उभे केले आणि दोऱ्यांनी ताणले. खोपटाच्या बाजूला, जिथे इमारत यायची होती, तिथे आठही बांबू उभे राहिले.

“चला आता,” मामा म्हणाले, आणि लंगडत पुढे झाले.

दगडांच्या ओळीतून चालत ते विसाव्या दगडापाशी आले. मामा थांबले.

“माणसं गाडीतून उतरली की बडबडत असतात,” ते म्हणाले. “हे घ्या, ते बघा, फोटो काढा. इथवर आली की गप्प होतात. का ते मला विचारू नका. इतकी वर्षं बघतोय, इथेच गप्प होतात. आता मागे वळून बघा.”

बाईंनी मागे पाहिलं. माळ हळूहळू वर चढत आभाळाला टेकला होता, त्याच्या कडेवर दगडांची डोकी. आणि त्यांच्या मधोमध आठ पांढरी फडकी, वाऱ्यावर फडफडताहेत. अख्ख्या त्या कडेवर आतापर्यंत एकही सरळ रेघ नव्हती. बाई पंचविसाव्या दगडापाशी गेल्या, तिसाव्यापाशी गेल्या, पार टोकाला जाऊन आल्या. फडकी दिसतच राहिली.

“अगं, फडकी जरा मोठी झाली असतील,” नवरा चुचकारत म्हणाला.

“फडकी पोतेऱ्याएवढी आहेत,” बाई म्हणाल्या. “छप्पर चाळीस मीटरचं आहे.”

ऑफिसात परत आल्यावर दोन दिवस त्या मूग गिळून बसल्या. दारावर ते चित्र होतंच. येणारा-जाणारा थांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि घरात कागदाची गुंडाळी उघडली.

त्यांना एकच गोष्ट काढायची होती. रस्त्यापासून शेवटच्या दगडापर्यंतचा माळ, सुरीने मधोमध कापल्यासारखा, बाजूने पाहिलेला. प्रत्येक चढ-उतार, प्रत्येक दगड खऱ्या प्रमाणात. तेराशे मीटरचा माळ दोनशेपट लहान केला तरी साडेसहा मीटरचा कागद झाला. तो स्वयंपाकघराच्या दारापासून व्हरांड्यापर्यंत पसरला. कडा दाबायला इस्त्री आली, डबे आले, नवऱ्याचे नट कसायचे पाने आले. बाईंची आई व्हीलचेअरवर होती. एक्याऐंशीची, खुब्याचं हाड मोडल्यापासून पायांवर उभं राहणं संपलं होतं, जीभ मात्र ठणठणीत. चार दिवस तिला व्हरांड्यात जायची वाट उरली नाही.

“मेले नाही तोवर वाट द्या,” ती स्वयंपाकघरातून ओरडायची. “काय काढतेस एवढं?”

“माळ काढतेय, आई.”

“आणि या मुंग्या कसल्या?”

त्या मुंग्या नव्हत्या. ती माणसं होती, आठ-आठ मिलिमीटरची, प्रत्येक दगडापाशी एक उभं केलेलं. प्रत्येकाच्या डोळ्यातून बाईंनी लाल रेघ ओढली, सरळ, इमारतीच्या दिशेने. सगळ्या रेघा छपराला जाऊन आदळल्या. मग त्यांनी तीच इमारत कागदाच्या तुकड्यावर काढून कापली आणि माळावर मागे मागे सरकवत नेली. रस्त्याच्या अलीकडे, पहिल्या दगडापासून साडेचारशे मीटरवर, जमिनीला एक खोलगट घडी होती. तिथे गेल्यावर लाल रेघा इमारतीच्या डोक्यावरून निघून गेल्या. पण तेही छप्पर उतरवून, साडेतीन मीटरवर आणलं तरच.

साहेबांनी तो कागद आपल्या खोलीत अर्धाच उलगडून पाहिला, कारण खोलीत तेवढाच मावत होता.

“बाई, हे छप्पर बघून त्यांनी आपल्याला काम दिलंय.”

“हो साहेब.”

“आणि तुम्ही म्हणताय ते छप्पर काढून टाका, इमारत खड्ड्यात घाला आणि लोकांना अर्धा किलोमीटर उन्हातून चालवा.”

“इमारत चुकीच्या जागी आहे, साहेब,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागदाची सुटी कड पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, “खड्ड्यातून दगड दिसणार नाहीत. दगड बघायला आलेल्या माणसाला दगड न दिसणारी इमारत द्यायची?”

“आपण त्यांना दिसायचं नसेल तर तेही आपल्याला दिसणार नाहीत. नजरेची रेघ एकच असते.”

“आणि म्हातारी माणसं? अपंग? ती काय करतील? तुमच्या घरात आहे की एक. विचारा तिला.”

हे साहेब रागाने बोलले खरे, पण बाईंना ते खरंच लागलं. रेघा ओढताना त्यांनी आठ मिलिमीटरची माणसं काढली होती, सगळी उभी. एकही बसलेलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी आईला गाडीत घातलं.

“मला काय करायचेत तुझे दगड?” आई वाटभर म्हणत होती. “चहा मिळतो का तिथे?”

चहा थर्मासमध्ये होता. घडीतून दगडांकडे जाणारी गुरांची जुनी पायवाट होती, त्यावरून नवरा खुर्ची ढकलत निघाला. बाई हातात घड्याळ आणि वही घेऊन शेजारून. चढ थोडासाच होता, पण खुर्चीला तो कळतो. शंभर-सव्वाशे मीटरवर नवऱ्याला घाम फुटला.

“मला नुसतं गवत दिसतंय,” आईने जाहीर केलं. “गवत बघायला आणलंत?”

बाईंनी वाकून आईच्या डोळ्यांच्या पातळीवर डोळे नेले. खरंच, गवत कानाएवढं होतं. उभ्या माणसाला तिथून लांबवर माळ दिसत होता, बसलेल्याला पाती. त्यांनी वहीत लिहिलं. आणखी थोडं वर गेल्यावर गवताच्या शेंड्यांमधून एक काळं टोक वर आलं. मग दुसरं. खुर्ची पुढे सरकेल तसे एकेक दगड जमिनीतून उगवल्यासारखे वर येत गेले. आई बोलायची थांबली. खुर्चीचं चाक तेवढं कुरकुरत होतं.

“थांब रे जरा,” ती जावयाला म्हणाली. एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. थोडा वेळ बघून म्हणाली, “तिसरा वाकडा आहे.”

“हो, आई.”

“असू दे. वाकडाच बरा दिसतो.” मग तिने मान वळवून जावयाकडे पाहिलं. “इथे बसायला काही तरी ठेवा गं. माझ्यासाठी नको, मी खुर्ची बरोबर घेऊनच आलेय. यांच्यासाठी. बघ कसे धापा टाकतायत.”

बाईंनी हेही लिहून घेतलं. ढकलणाऱ्याचा विचार त्यांनी तरी कुठे केला होता? त्या दिवशी तो रस्ता त्यांनी चार वेळा मोजला. घरी येऊन त्यांनी वाट नव्याने काढली. सरळ चढायच्या ऐवजी घडीच्या अंगाने वळत जाणारी, वीस मीटरला एक मीटरपेक्षा जास्त कुठेच न चढणारी, दर साठ मीटरवर बाक. वाटेच्या दोन्ही अंगांना हातभर पट्टा, जिथलं गवत कापून ठेवायचं. आणि साडेसहा मीटरच्या कागदावर त्यांनी बसलेली माणसं काढली, सहा-सहा मिलिमीटरची.

या वेळी साहेबांनी कागद ऑफिसच्या मधल्या खोलीत, सगळी टेबलं हलवून, पूर्ण उलगडायला लावला. चपला काढून ते त्याच्या कडेने चालले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. मग दोन दिवस ऑफिसला आलेच नाहीत. बाईंना वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

तिसऱ्या दिवशी ते आले ते एक चिटोरं घेऊन. त्यावर फक्त एक लांब, जाड, बुटकी भिंत होती, घडीच्या उतारात अर्धी शिरलेली, आणि तिला मधे एक फट. माणसांनी रस्त्यावरून यायचं, भिंतीच्या सावलीत तिकीट घ्यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि त्या फटीतून पलीकडे निघायचं. पलीकडे नुसती वाट आणि गवत. छपरावर माती आणि तेच गवत. ती भिंत जुनी असल्याचा आव आणत नव्हती, साध्या काँक्रीटची होती. बाईंना कबूल करावं लागलं की हे त्यांना जन्मात सुचलं नसतं. इमारत कुठे नको ते त्यांना कळलं होतं. कशी हवी ते मात्र साहेबांच्या हातालाच ठाऊक होतं.

चित्रं निवडणाऱ्या समितीपुढे ते मांडायला साहेब बाईंना बरोबर घेऊन गेले. पंख हरवल्याचं समितीला फार वाईट वाटलं. एका सदस्याने सुचवलं की निदान दारात दोन उंच दगड उभे करावेत, तसलेच कोरून, म्हणजे वातावरण तयार होईल. साहेबांचा चेहरा लाल झाला. “खऱ्यांच्या दारात खोटे उभे करायचे?” एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. मग बाईंनी कागद उलगडला. सात माणसं खुर्च्यांवरून उठून त्या कागदाच्या कडेने चालली. एकाने खाली बसून लाल रेघेवरून बोट फिरवलं. मंजुरी मिळायला तीन महिने लागले, पण त्या दिवशी ती मिळणार हे बाईंना कळून चुकलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या कागदावर पहिल्या दिवसापासून होती आणि बाईंनी तिच्याकडे काणाडोळा केला होता. मामांचं खोपट. इमारत जर दगडांजवळ चालणार नव्हती, तर पत्र्याचं खोपट कसं चालणार? लाल रेघा त्यालाही आदळत होत्या. समितीतल्या कुणी तरी बोट ठेवलंच, आणि बाईंना ‘हो’ म्हणावं लागलं.

मामांना सांगायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. खोपटाच्या दारात बसून सांगितलं. आत एक खाट होती, पाण्याचा माठ होता, भिंतीशी सव्वीस वर्षांच्या नोंदींच्या वह्या रचलेल्या होत्या. किती माणसं आली, कुठल्या दगडावर कुणी नाव कोरायचा प्रयत्न केला, कुठे साप निघाला, सगळं.

मामांनी गुडघा चोळला.

“बांबू लावा असं मीच म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“तुम्ही नुसतं विचारलं होतं, मामा.”

“तेच ते.” थोड्या वेळाने म्हणाले, “थोडी खोटी रेघ काढली असती तर काय बिघडलं असतं, ताई?”

बाईंनी माठातून पाणी काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“नवीन इमारतीत तुम्हाला खोली आहे. पक्की, पंखा आहे,” त्या म्हणाल्या.

“खिडकीतून दगड दिसतील?”

“नाही.”

मामा हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. पंधरा दिवसांनी बाई गेल्या तेव्हा खोपट नव्हतं. मजूर येण्याआधी मामांनी स्वतःच एकेक पत्रा उतरवून रचून ठेवला होता. बाईंशी ते चार महिने कामापुरतंच बोलले. इमारत झाल्यावरही पंख्याच्या खोलीत ते कधी बसलेच नाहीत. सकाळी वह्या तिथल्या कपाटात ठेवायच्या आणि दिवसभर दगडांच्या ओळीतून हिंडायचं, दुखऱ्या गुडघ्याने. दमले की वाटेवरच्या बाकावर टेकायचं. पुढे एकदा ते आपणहून म्हणाले, “बाक बरे केलेत.” तेवढ्यावर बाईंनी समाधान मानलं. खोपट गेल्याची बोच मात्र त्यांच्या मनातून कधी पूर्ण गेली नाही.

बांधकामाला दोन वर्षं लागली. शेवटच्या हिवाळ्यात बाईंची आई गेली, झोपेत. इमारत तिने पाहिली नाही.

उद्घाटनाला गर्दी झाली. एका वर्तमानपत्राने तक्रार केली की एवढा गाजावाजा करून बांधलेली इमारत जवळ जाईपर्यंत सापडत नाही. साहेबांनी ते कात्रण आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. भिंतीवरच्या पाटीवर साहेबांच्या ऑफिसचं नाव होतं, बाईंचं नव्हतं.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, “पाटीवर तुमचं नाव घालायला हवं होतं.”

“हो,” बाई म्हणाल्या, “हवं होतं.”

बाई ‘छे छे, त्यात काय’ म्हणतील असं साहेबांना वाटलं असणार. पण त्यानंतर ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन नावं येऊ लागली.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. माळावर मधूनमधून जातात, रांगेत उभं राहून तिकीट काढतात. लोक फटीतून बाहेर पडून वाट चालू लागले की त्या मागे राहून बघत राहतात. त्या इमारतीत त्यांना एकच गोष्ट खुपत होती. स्वच्छतागृहाचं दार. ते त्यांनीच बाहेर उघडणारं काढलं होतं आणि पश्चिमेचा वारा आला की ते माणसाच्या हातून हिसकून धाडकन आपटायचं. सगळा माळ मोजला, वारा मोजायचा राहिला. त्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं, ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. तिसरं पत्र त्यांनी स्वतः नेऊन दिलं. तिथल्या व्यवस्थापकांनी ते वाचलं, एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा पत्राकडे, आणि म्हणाले, “बाई, तुम्हीच करून टाका बुवा एकदाचं.”

नवरा पाने घेऊन गाडीत बसलेलाच होता. दुपारभर खपून दोघांनी बिजागऱ्या फिरवल्या, चौकट तासली, कडी बदलली. मामांनी दार धरून ठेवलं. आता ते आत उघडतं.